शब्द खाणारे बोलणे आणि भाषेचा विकार : फरक कसा ओळखावा?



रविवारच्या आरतीनंतर प्रसादाच्या रांगेत ज्येष्ठ मंडळी मला दोन प्रश्न हमखास विचारतात. पहिला नातवंडांविषयीचा असतो: "डॉक्टर, आमचा नातू इतका भराभर बोलतो की निम्मे शब्द गिळतो. त्याच्यात काही दोष तर नाही ना?" दुसरा जोडीदाराविषयीचा: "हल्ली ह्यांचे बोलणे नीट कळत नाही. वय झाले म्हणून सोडून द्यायचे का?" दोन्ही प्रश्न बोलणे न समजण्याचेच आहेत, पण त्यांची उत्तरे फार वेगळी आहेत. नातवाच्या बाबतीत शांतपणे विचार करायला वेळ असतो. आजोबांच्या बाबतीत कधी कधी एकेक मिनिट मोलाचे असते. म्हणून निवृत्तीनंतर हाताशी असलेल्या सवडीत हा विषय सविस्तर लिहीत आहे. शक्य झाल्यास हा लेख घरातील तरुण मंडळींनाही वाचून दाखवावा.

वाचा वेगळी, भाषा वेगळी

आपण बोलतो तेव्हा दोन कामे एकाच वेळी चालू असतात. पहिले काम भाषेचे. मनात आलेला विचार, त्यासाठी योग्य शब्द, शब्दांचा क्रम, क्रियापदाचे रूप, आणि समोरच्याचे बोलणे समजून घेणे, हे सगळे मेंदूतील भाषेचे काम आहे. दुसरे काम वाचेचे. ठरलेले वाक्य जीभ, ओठ, टाळू आणि श्वास यांच्या साहाय्याने बाहेर काढणे. स्वयंपाकाचे उदाहरण घ्या. काय रांधायचे आणि कशात काय घालायचे हे ठरवणे म्हणजे भाषा. रांधलेले पानात नीट वाढणे म्हणजे वाचा. पानात सांडलवंड झाली म्हणून स्वयंपाक बिघडला असे होत नाही, आणि वाढणारा कितीही नीटनेटका असला तरी अळणी आमटीला चव येत नाही.

आपल्या मराठीत बोलण्याच्या दोषांना वेगवेगळी नावे आहेत. एकाच अक्षरावर अडकणारा तो तोतरा, 'र'चा 'ल' करणारा तो बोबडा. पण जो अडकत नाही, बोबडाही नाही, फक्त इतका घाईत बोलतो की अक्षरे एकमेकांवर चढतात, त्याला आपण "शब्द खातो" किंवा "तोंडातल्या तोंडात बोलतो" एवढेच म्हणतो आणि धांदरट म्हणून मोकळे होतो. वैद्यकशास्त्रात या प्रकाराला 'क्लटरिंग' असे स्वतंत्र नाव आहे, आणि जागतिक आरोग्य संघटनेच्या रोगवर्गीकरणाच्या दहाव्या आवृत्तीत त्याला एफ ९८.६ असा स्वतंत्र क्रमांकही आहे.

क्लटरिंग म्हणजे नेमके काय?

भरभर बोलणारा प्रत्येक जण क्लटरिंगवाला नसतो. कीर्तनकार, क्रिकेटचे समालोचक आणि आपल्यातील कित्येक मावश्या-आत्या झपाट्याने बोलतात, पण प्रत्येक शब्द कानाला कळतो. आपण सगळेच रोजच्या बोलण्यात 'पाहिजे'चे 'पायजे' आणि 'नाही'चे 'नाय' करतो. तेही क्लटरिंग नव्हे.

वेस्ट व्हर्जिनिया विद्यापीठाचे केनेथ सेंट लुईस आणि जर्मनीतील कॅट्रिन शुल्टे यांनी २०११ साली जी व्याख्या मांडली, ती आज अनेक तज्ज्ञ वापरतात. तिच्यानुसार माणसाच्या स्वतःच्या भाषेतील गप्पांमध्ये वेग ऐकणाऱ्याला फार जास्त किंवा फार अनियमित वाटला पाहिजे. त्याच्या जोडीला पुढील तीनपैकी किमान एक गोष्ट हवी. पहिली, अक्षरे गळणे किंवा चेपली जाणे, म्हणजे "पांडुरंगाच्या देवळात जायचंय" याचे "पांरंगाच्या देवात जाचं" होणे. दुसरी, वाक्य सुरू करून सोडून देणे, पुन्हा दुरुस्त करणे, 'म्हणजे', 'ते हे', 'अं' यांची गर्दी होणे. तिसरी, भलत्याच ठिकाणी थांबणे किंवा लय तुटणे.

आणखी एक खूण ध्यानात ठेवण्यासारखी आहे. तोतरे बोलणाऱ्याला आपण कुठे अडकणार हे आधीच कळते आणि तो धास्तावतो. क्लटरिंग असलेल्याला बहुधा आपले बोलणे इतरांना कळत नाही याची जाणीवच नसते. समोरचा सारखे "काय?" का विचारतो, याचे त्याला नवल वाटते. लक्ष देऊन, जपून बोलायला सांगितले की त्याचे बोलणे काही काळ बरेच सुधारते. तोतऱ्याचे मात्र अशा वेळी अधिकच बिघडू शकते. दोन्ही प्रकार एकाच व्यक्तीत असल्याचेही आढळते. अतिचंचलता, डाउन सिंड्रोम किंवा शिकण्यातील अडचणी असलेल्या मुलांमध्येही क्लटरिंग दिसते.

मग हा भाषेचा विकार आहे का?

या प्रश्नावर तज्ज्ञांमध्ये बराच काळ मतभेद राहिले. मधुमेहातील खोल श्वासाला ज्यांचे नाव आहे, त्या जर्मन डॉक्टर अॅडॉल्फ कुसमाउल यांनी १८७७ च्या आपल्या ग्रंथात वाचा आणि भाषेच्या विकारांची विस्तृत मांडणी केली. पुढे १९६४ साली डॉ. डेसो वाइस यांनी अमेरिकेत क्लटरिंगवर स्वतंत्र पुस्तक लिहिले. त्यांचे म्हणणे असे की घाईचे बोलणे ही केवळ वर दिसणारी खूण आहे. मूळ दोष मेंदूतील भाषेच्या समतोलाचा आहे आणि तो वाचन, लेखन, लय या सर्वांत डोकावतो. तोतरेपणावर अभ्यासकांचे लक्ष राहिले आणि हा विषय मागे पडला. २००७ साली बल्गेरियात क्लटरिंगवरील पहिली जागतिक परिषद भरली आणि तिथेच आंतरराष्ट्रीय संघटना स्थापन झाली.

आज चित्र बरेच स्पष्ट आहे. २०११ च्या व्याख्येत भाषेचा विकार असण्याची अट नाही. क्लटरिंग असलेल्या काहींना भाषेच्या अडचणी असतात, काहींना मुळीच नसतात. बऱ्याच वेळा वाक्यांचा जो गोंधळ ऐकू येतो तो भाषा कच्ची असल्यामुळे नव्हे, तर वेगामुळे होतो. मेंदूला शब्द निवडायला आणि वाक्य जुळवायला जेवढा वेळ लागतो त्याआधीच जीभ धावू लागते. वेग उतरला की व्याकरणही जागेवर येते.

खरा भाषाविकार असा वेग उतरवल्याने जात नाही. मुलांमधील या विकाराला २०१७ पासून 'डेव्हलपमेंटल लँग्वेज डिसऑर्डर', म्हणजे विकासात्मक भाषाविकार, असे नाव रूढ झाले आहे. १९९७ साली प्रसिद्ध झालेल्या अमेरिकेतील एका मोठ्या पाहणीत बालवाडीच्या वयातील सुमारे ७ टक्के मुलांमध्ये भाषेची अशी अडचण आढळली. म्हणजे तीसच्या वर्गात दोघे. ही मुले सावकाश बोलली तरी वाक्य तोकडे राहते, गोष्ट सांगताना क्रम चुकतो, लांब सूचना समजत नाहीत.

म्हणून घरी पाहण्यासारख्या तीन गोष्टी अशा. एक, मुलाला शांत बसवून, घाई नाही असे सांगून, एखादी पाहिलेली गोष्ट सावकाश सांगायला लावावी. बोलणे स्पष्ट सुधारले तर अडचण वेगाची असण्याचा संभव जास्त. दोन, "वरच्या खोलीतून माझा चष्मा आण आणि येताना दिवा बंद कर" अशी दुहेरी सूचना त्याच्या सवयीच्या भाषेत द्यावी. ऐकू नीट येत असूनही ती वारंवार समजत नसेल तर भाषेची तपासणी हवी. तीन, पाठांतरावर विसंबू नये. रामरक्षा किंवा मनाचे श्लोक घडाघड म्हणणारे मूल स्वतःचे वाक्य जुळवताना अडू शकते, कारण पाठ म्हणणे आणि नवे बोलणे ही मेंदूची वेगळी कामे आहेत. या तीन गोष्टींनी निदान होत नाही; तपासणीला जायचे की नाही एवढे ठरते.

दोन भाषांच्या घरात

आपल्या घरांत शाळेची भाषा इंग्रजी आणि आजीची भाषा मराठी असते. नातवाचे मराठी अडखळते म्हणून त्याला क्लटरिंग किंवा भाषाविकार आहे असे म्हणता येत नाही. वरच्या व्याख्येत "स्वतःच्या भाषेत" हे शब्द आहेत ते याचसाठी. ज्या भाषेत मूल सर्वांत सहज बोलते तिच्यातच पारख करायची. खरा भाषाविकार असेल तर तो दोन्ही भाषांत दिसतो. आणि दोन भाषा शिकवल्याने भाषाविकार होतो हा समज निराधार आहे. "थेरपी चालू आहे, आता घरात मराठी बंद करा" असा सल्ला कोणी दिला तर तो मानण्याचे कारण नाही. त्याने मुलाची आजी-आजोबांशी असलेली नाळ मात्र तुटते.

इथे ज्येष्ठांचे मोठे काम आहे. शाळेतील स्पीच थेरपिस्टला मुलाचे इंग्रजीच ऐकू येते. मराठीत मूल कसे बोलते, पहिला शब्द कधी बोलले, गोष्ट समजते का, हे सांगू शकणारी माणसे घरात आपणच. तपासणीच्या वेळी ही माहिती लिहून द्यावी. ती निदानासाठी उपयोगी पडते.

आणि एक नाजूक मुद्दा. नातू शब्द खातो की आपल्या कानाला कमी ऐकू येते? उतारवयात कानाची शक्ती प्रथम उंच स्वरांसाठी कमी होते, त्यामुळे स, श, त, थ, फ ही व्यंजने हरवतात आणि सगळेच पुटपुटतात असे वाटू लागते. घरातील इतरांना, शिक्षकांना, मित्रांना त्याचे बोलणे कळत असेल तर आधी स्वतःची श्रवणतपासणी करून घ्यावी. ऑक्टोबर २०२२ पासून सौम्य ते मध्यम बहिरेपणासाठी श्रवणयंत्रे इथे डॉक्टरांच्या चिठ्ठीविना दुकानात मिळतात.

उतारवयात बोलणे अचानक बदलले तर

हा भाग कृपया दोनदा वाचावा. क्लटरिंग लहानपणापासूनचे असते. सत्तर वर्षे स्पष्ट बोलणारा माणूस एका सकाळी असंबद्ध किंवा बोबडे बोलू लागला तर ती सवय नव्हे आणि वयही नव्हे. तो पक्षाघाताचा झटका, म्हणजे स्ट्रोक, आहे असे धरूनच चालावे.

मेंदूच्या डाव्या बाजूचा रक्तपुरवठा थांबला की बहुतेकांची भाषा बिघडते. त्याला अफेजिया म्हणतात. एका प्रकारात शब्द सुचतच नाहीत. दुसऱ्या प्रकारात माणूस भराभर, नेहमीच्या सुरात बोलत राहतो, पण वाक्यांना अर्थ नसतो, आणि आपण काही चूक बोलतो आहोत हे त्याला कळत नाही. हा दुसरा प्रकार फसवा असतो. घरच्यांना वाटते, झोप झाली नसेल, चिडले असतील.

यात आणखी एक फसगत आपल्या घरांत होऊ शकते. अफेजिया झालेला माणूस पाठ असलेली आरती, स्तोत्र किंवा एक ते दहा अंक बिनचूक म्हणू शकतो. रुळलेले आणि सुरातले बोल मेंदूत वेगळ्या वाटेने जपलेले असतात. त्यामुळे "आरती तर नीट म्हटली, म्हणजे काही झालेले नाही" असा निष्कर्ष काढू नये. स्वतःच्या शब्दांत उत्तर द्यावे लागेल असे विचारावे: "आज सकाळी काय खाल्ले?" घड्याळ दाखवून "हे काय आहे?" असे विचारावे. सोबत चेहरा एका बाजूला ओघळला आहे का, दोन्ही हात वर धरता येतात का, हे पाहावे. एकही गोष्ट खटकली तर ताबडतोब ९११ ला फोन करावा. मुलगा ऑफिसातून येईपर्यंत थांबू नये, स्वतः गाडी चालवत जाऊ नये. रक्ताची गुठळी विरघळवणारे औषध साधारणपणे लक्षणे सुरू झाल्यापासून साडेचार तासांच्या आतच देता येते, आणि तपासणीतही वेळ जातो. रुग्ण शेवटचा व्यवस्थित कधी होता ती वेळ कागदावर लिहून ठेवावी. पाच-दहा मिनिटांत बोलणे पूर्ववत झाले तरीही जावे. तो पुढच्या मोठ्या झटक्याचा इशारा असू शकतो. रक्तातील साखर उतरल्यानेही बोलणे बिघडते, म्हणून मधुमेह असल्यास तसे सांगावे.

खर्चाच्या भीतीने पुष्कळ जण थांबतात, विशेषतः मुलांकडे पाहुणे म्हणून आलेले आई-वडील. १९८६ च्या केंद्रीय कायद्यानुसार मेडिकेअर स्वीकारणाऱ्या प्रत्येक रुग्णालयाच्या इमर्जन्सी विभागाला विमा असो वा नसो, रुग्णाला तपासून त्याची प्रकृती स्थिर करावीच लागते. बिल नंतर येते हे खरे, पण ना-नफा रुग्णालयांना आर्थिक मदतीची योजना ठेवणेही कायद्याने बंधनकारक आहे. तिचा अर्ज आवर्जून मागावा.

रुग्णालयात मराठी दुभाष्या विनाशुल्क मागण्याचा आपला हक्क आहे. तो बहुधा फोनवर किंवा पडद्यावर मिळतो. मात्र त्याला एक गोष्ट बजावून सांगावी: रुग्ण जसे बोलतो तसेच सांगा, वाक्य सुधारून सांगू नका. प्रेमळ मुलगा किंवा चांगला दुभाष्या तुटके वाक्य नकळत सरळ करून डॉक्टरांना सांगतो, आणि नेमके लक्षणच झाकले जाते.

हळूहळू बदलणारे बोलणे

काही आजार सावकाश येतात. पार्किन्सनमध्ये आवाज बारीक आणि एकसुरी होतो, आणि शब्द छोट्या धावांनी एकदम बाहेर पडतात. कानाला ते क्लटरिंगसारखे वाटते, पण भाषा बहुधा शाबूत असते. १९८० च्या दशकात इथे विकसित झालेली, ली सिल्वरमन यांच्या नावाने ओळखली जाणारी मोठ्या आवाजाची थेरपी यात उपयोगी पडते. याउलट काही विकारांत आधी शब्दच हरवू लागतात. अभिनेते ब्रूस विलिस यांच्या कुटुंबाने २०२२ साली त्यांना अफेजिया असल्याचे जाहीर केले आणि २०२३ मध्ये त्यामागे फ्रंटोटेम्पोरल डिमेन्शिया असल्याचे निदान झाले. आठवड्या-महिन्यांत बदल जाणवला तर न्यूरॉलॉजिस्टची वेळ घ्यावी. एक-दोन दिवसांतच बोलणे भरकटले तर मूत्रमार्गाचा जंतुसंसर्ग किंवा नवे औषध हेही कारण असू शकते. त्याच दिवशी डॉक्टरांना कळवावे.

उपचार कुठे आणि कसे मिळतात?

मुलांसाठी: १९७५ च्या केंद्रीय शिक्षणकायद्याने, ज्याला आज आयडिया म्हणतात, सरकारी शाळेला वाचा-भाषेची तपासणी आणि पात्र मुलाला थेरपी मोफत द्यावी लागते. तीन वर्षांखालील बालकांसाठी वेगळी योजना आहे. पालकांनी लेखी अर्ज द्यावा. संमती दिल्यापासून, राज्याची वेगळी मुदत नसेल तर, ६० दिवसांत तपासणी व्हायला हवी. "मार्क चांगले आहेत, गरज नाही" असे उत्तर मिळाले तर नकार लेखी मागावा. वर्गात बोलणे न समजणे हाही शिक्षणातील अडथळाच आहे. तपासणाऱ्या तज्ज्ञाला क्लटरिंगचा अनुभव आहे का, हेही विचारावे.

ज्येष्ठांसाठी: मेडिकेअरचा भाग बी डॉक्टरांनी आवश्यक ठरवलेल्या स्पीच थेरपीचा, वार्षिक वजावटीनंतर, ८० टक्के मान्य खर्च उचलतो. सुधारणा दिसत नाही एवढ्याच कारणावर थेरपी नाकारता येत नाही. आहे ती क्षमता टिकवण्यासाठी तज्ज्ञाची गरज असेल तर तीही मान्य आहे. २०१३ च्या न्यायालयीन तडजोडीने हे स्पष्ट झाले. भारतात परतणाऱ्यांसाठी मुंबईत वांद्रे येथे १९८३ साली स्थापन झालेली अली यावर जंग राष्ट्रीय संस्था आणि म्हैसूरची १९६५ पासूनची अखिल भारतीय वाक्-श्रवण संस्था ही भरवशाची ठिकाणे आहेत.

अफेजियात सुराचाही आधार घेता येतो. गाता येणाऱ्या ओळींपासून बोलत्या वाक्यापर्यंत नेणारी पद्धत १९७३ साली बॉस्टन येथील डॉक्टरांनी मांडली. अॅरिझोनाच्या माजी खासदार गॅब्रिएल गिफर्ड्स यांना २०११ च्या गोळीबारानंतर अफेजिया झाला. त्यांच्या पुनर्वसनात संगीतोपचाराचा वाटा होता. भजन हा उपचाराचा पर्याय नव्हे, पण थेरपिस्टला रुग्णाची आवडती भजने जरूर सांगावीत.

घरात आपण काय करावे?

"हळू बोल" असे दिवसातून वीस वेळा म्हणून काही होत नाही. मूल दोन वाक्ये हळू बोलते आणि पुन्हा धावते. त्याऐवजी आपण स्वतः सावकाश बोलावे, वाक्याच्या शेवटी श्वासभर थांबावे. मूल त्या लयीत येते. त्याच्या संमतीने एक मिनिटाचे बोलणे फोनवर ध्वनिमुद्रित करून त्यालाच ऐकवावे. जाणीव होणे ही या उपचाराची पहिली पायरी आहे. काय कळले ते परत सांगावे: "तू बागेत गेलास इथवर समजले, पुढचे पुन्हा सांग." पाहुण्यांसमोर नक्कल करू नये, हसू नये.

आपल्या परंपरेत या शिस्तीची जाण जुनी आहे. पाणिनीय शिक्षेत वाईट पाठकांचे सहा प्रकार सांगितले आहेत आणि त्यांत घाईने म्हणणारा हा एक आहे. चांगल्या पाठकाच्या गुणांत अक्षरांची स्पष्टता, पदे सुटी करणे, धीर आणि लय यांची गणना आहे. आजचे थेरपिस्ट याच गोष्टी शिकवतात. आजोबांनी नातवाला रोज पाच मिनिटे एखादे स्तोत्र पदे तोडून, संथपणे शिकवावे. नंतर त्याच लयीत शाळेतील एखादी गंमत सांगायला लावावी. हा दुसरा भाग विसरू नये, कारण नुसते पाठांतर गप्पांमध्ये आपोआप उतरत नाही.

नम्र आवाहन

आपल्या परिवारात अफेजिया किंवा पार्किन्सनमुळे बोलणे कमी झालेले सभासद आहेत. कित्येकांनी मंदिरात येणेच सोडले, कारण कोणी थांबून ऐकत नाही असे त्यांना वाटते. सेवा समितीतर्फे विनंती आहे की, ज्यांना शक्य आहे त्यांनी आठवड्यातून एक तास अशा घरी जाऊन मराठीत गप्पा माराव्यात, थेरपीच्या दिवशी गाडीने ने-आण करावी, किंवा थेरपीचा खर्च न झेपणाऱ्या कुटुंबांसाठी यथाशक्ती देणगी द्यावी. नावे मंदिराच्या कार्यालयात नोंदवावीत. अशा व्यक्तीशी बोलताना त्यांचे वाक्य आपण पूर्ण करू नये. त्यांना शब्द सापडेपर्यंत थांबावे, त्यांच्याकडे पाहत राहावे. यासाठी कुठलीही पदवी लागत नाही.

सर्वांना उत्तम आरोग्य लाभो, ही प्रार्थना.